आतल्या बाजूची नक्षी

प्रश्न

(पत्र मोठं होतं. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश देत आहोत.)

पत्र लिहिणाऱ्या ताई ४८ वर्षांच्या आहेत. एका रुग्णालयाच्या हिशेब विभागात नोकरी करतात. रात्री घरातली कामं आटोपली की त्या तास-दीड तास भरतकाम करतात. बारीक पानं, पक्षी, कधी नुसत्याच वळणदार रेषा. यातलं बरंचसं काम आतल्या बाजूला असतं: उशीच्या अभ्र्याच्या घडीत, पिशवीच्या अस्तरावर, पडद्याच्या दुमडलेल्या काठावर. मध्यंतरी एका पक्ष्याच्या मानेसाठी दोन हिरव्या छटांमध्ये त्यांचं ठरेना. एक भरली, उसवली. दुसरी भरली, तीही उसवली. शेवटी दोन्ही दोऱ्यांचा एकेक पदर एकत्र सुईत ओवला तेव्हा मनासारखं झालं. पती म्हणाले, "दिसत नाही, विकायचंही नाही, मग हा खटाटोप कशासाठी?" एकोणीस वर्षांच्या मुलाचं म्हणणं, मशीन हेच दहा मिनिटांत करून देईल. ताईंना आता स्वतःलाच अपराधी वाटू लागलं आहे. दिवसा उपचार अर्धवट सोडून जाणाऱ्यांची बिलं हाताखालून जातात आणि रात्री आपण दोऱ्याच्या छटा जुळवत बसतो, हे त्यांना टोचतं.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. मुलगा ज्या शाळेत शिकला त्या शाळेच्या समितीवर त्या आहेत. चित्रकला आणि संगीताचे तास बंद करून तो वेळ गणित-विज्ञानाला द्यावा, असा प्रस्ताव आला आणि पहिल्या चर्चेत ताईंनी त्याच्या बाजूने हात वर केला. अंतिम निर्णय पुढच्या बैठकीत आहे. त्या विचारतात, "घरी जे मी जीव लावून करते, त्यालाच शाळेत मी बिनकामाचं ठरवलं. माझं नेमकं कुठे चुकतंय, घरी की समितीत?"

उत्तर

ताई,

तुम्ही तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र बांधल्या आहेत: रुग्णांबद्दलची कळकळ, घरच्यांची कुरबुर आणि शाळेतलं मत. कलेचा उपयोग आहे की नाही हे एकदा ठरलं की तिन्ही सुटतील, असं तुम्हाला वाटतंय. मला तसं वाटत नाही. एकेक गाठ वेगळी सोडवावी लागेल.

आधी अपराधीपणाची. तुमची कळकळ खरी आहे आणि मी तिला जराही कमी लेखत नाही. पण तिच्या आत एक समजूत लपली आहे: रात्रीचा तो तास त्या रुग्णांच्या वाट्याचा होता आणि तुम्ही तो स्वतःसाठी काढून घेतलात. आज रात्री सुई खाली ठेवली तर उद्या कुणाचं बिल कमी होईल? कुणाचंच नाही. आणि रुग्णांसाठी काही करायचंच असेल, तर तुम्ही अगदी मोक्याच्या जागी बसला आहात. माणसं कोणत्या टप्प्यावर उपचार सोडतात, कोणत्या कागदावाचून मदत अडते, कोणती सवलत असूनही कुणाला माहीत नसते, हे हिशेब विभागाला जितकं दिसतं तितकं डॉक्टरांनाही दिसत नाही. ते एका पानावर लिहा आणि वरिष्ठांपुढे ठेवा. पहिल्यांदा दुर्लक्ष झालं तर पुन्हा ठेवा. हे काम दिवसाचं, खुर्चीवर बसून करायचं आहे. भरतकाम थांबवणं म्हणजे स्वतःला दिलेली शिक्षा होईल आणि त्यातून कुणाच्या हाती काही लागणार नाही.

आता त्यामागची मोठी समजूत. आधी गरजा भागू देत, मग उरलंसुरलं कलेला. हे ऐकायला इतकं रास्त वाटतं की कुणी तपासून बघत नाही. माणसाचा इतिहास मात्र या क्रमाने घडलेला दिसत नाही. १९३९ साली जर्मनीतल्या होलेनश्टाइन-श्टाडेल नावाच्या गुहेत मॅमथच्या, म्हणजे हिमयुगातल्या केसाळ हत्तीच्या, सुळ्याचे तुकडे सापडले. पुढे ते जुळवले तेव्हा सुमारे ३१ सेंटिमीटर उंचीची एक मूर्ती उभी राहिली, धड माणसाचं आणि डोकं सिंहाचं. वय सुमारे ४०,००० वर्षं, काळ हिमयुगाचा. तशाच दगडी हत्यारांनी अशी मूर्ती पुन्हा कोरून पाहिली गेली, तेव्हा सुमारे ४०० तास लागले. शिकार मिळाली नाही तर उपाशी राहावं लागेल अशा थंडीत जगणाऱ्या एका टोळीने आपल्यातल्या कुणाला तरी इतका वेळ हे करू दिलं. त्याच भागातल्या होले फेल्स गुहेत २००८ साली गिधाडाच्या पंखाच्या हाडाची, पाच भोकं असलेली बासरी मिळाली. तीही साधारण त्याच काळातली. शेती सुरू व्हायला तेव्हा पंचवीस हजारांहून जास्त वर्षं अवकाश होता. मूर्तीचा काही धार्मिक हेतू असेल, असं कुणी म्हणेल. असेलही. तरी तिने पोट भरत नव्हतं आणि थंडी थांबत नव्हती, आणि लोकांनी ती केली.

बरं, संकट आलं की तरी माणसं कला बाजूला ठेवतात का? दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीने आपली चित्रं शहराबाहेर हलवली. पुढे ती वेल्समधल्या पाटीच्या दगडाच्या एका खाणीत नेऊन ठेवली. रिकाम्या पडलेल्या इमारतीत पियानोवादक मायरा हेस यांनी ऑक्टोबर १९३९ पासून दुपारच्या मैफली सुरू केल्या. शहरावर बॉम्ब पडायला लागले तेव्हा त्या तळघरात गेल्या, पण बंद पडल्या नाहीत. साडेसहा वर्षांत जवळजवळ १,७०० मैफली झाल्या. १९४२ च्या सुरुवातीला एका वर्तमानपत्रात वाचकाचं पत्र आलं. त्याची मागणी एवढीच, की धोका असला तरी एखादं चित्र आम्हाला बघू द्या. गॅलरीने ती मानली. दर महिन्याला खाणीतून एकच चित्र यायचं आणि लोक कामातून वेळ काढून त्या एका चित्रासमोर येऊन उभे राहायचे. रेशनवर जगणाऱ्या आणि रात्री आश्रयस्थानात झोपणाऱ्या त्या लोकांच्या गरजा भागलेल्या होत्या, असं कोण म्हणेल?

तुमच्या पतींचा आक्षेप मात्र जरा वेगळा आहे. मैफल ऐकू येते, चित्र दिसतं. तुमचं काम घडीच्या आत असतं. मला तुमच्या पत्रातली हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडली, म्हणून इथे थोडी रेंगाळते.

मध्ययुगीन युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्यांना तासन्‌तास उभं राहावं लागायचं. त्यांच्या बैठका बिजागरीवर उचलता येत. बैठक वर केली की तिच्या खालच्या अंगाला एक अरुंद कठडा पुढे येई. त्याला टेकलं की पायांवरचा भार थोडा हलका व्हायचा. टेकायला साधी फळी पुरली असती. सुतारांनी मात्र त्या कठड्याखाली कोल्हे कोरले, मासे कोरले, शेतात राबणारी माणसं कोरली, भांडणारं नवरा-बायकोचं जोडपंसुद्धा कोरलं. बैठक खाली असली की हे झाकलेलं, वर केली की माणूस त्याला टेकलेला. म्हणजे नीट बघायला मिळण्याची सोय जवळजवळ नव्हतीच. तरी शेकडो कठड्यांवर कोरीवकाम आहे आणि त्यातलं बरंच अतिशय देखणं आहे.

आता तुमचा तो पक्षी घ्या. दिवसभर तुम्ही ज्या कामात असता तिथे उत्तर आधीच ठरलेलं असतं. बेरीज जुळते किंवा जुळत नाही, आणि नाही जुळली तर चूक शोधायची. पक्ष्याच्या मानेला असं कोणतंच ठरलेलं उत्तर नव्हतं. पहिली छटा चूक नव्हती, दुसरीही नव्हती. तिथेच थांबला असतात तर जगात कुणाला पत्ता लागला नसता. तरी तुम्ही उसवलंत, पुन्हा उसवलंत आणि मग दोन पदर एकत्र ओवण्याचा तिसरा रस्ता शोधलात. हे तपासणारं कुणी नव्हतं, गुण देणारं नव्हतं, पैसे देणारंही नव्हतं. ठरवणाऱ्या तुम्ही एकट्या होतात.

माझं सगळं म्हणणं इथेच आहे. दिवसातले बहुतेक निर्णय गरज आपल्या वतीने घेऊन टाकते: कधी उठायचं, कुठे जायचं, काय आधी करायचं. त्यात आपली आवड-निवड विचारायला कुणी थांबत नाही, आपणही थांबत नाही. जिथे गरज नसते तिथेच आपल्याला स्वतः ठरवावं लागतं. काय पुरेसं, काय अजून हवं, कुठे हात थांबवायचा. हे ठरवण्याची जागा आयुष्यात अजिबात उरली नाही तर माणूस कार्यक्षम राहील, पण त्याला स्वतःच्या पसंतीची ओळखच राहणार नाही. म्हणून अनावश्यक वाटणारी कला मला चैनीची वस्तू वाटत नाही. तुमचा तो रात्रीचा तास तुमच्या दिवसातला सगळ्यात तुमचा असा तास आहे.

आणि ही गोष्ट फक्त हाताने काही करणाऱ्यांपुरती नाही. ज्यांना वाटतं की आपला कलेशी संबंधच नाही, त्यांनी घरात एकदा नजर फिरवावी. कपाच्या काठावरची बारीक निळी रेघ, दाराच्या मुठीचा वळसा, चादरीवरची चौकट. यातलं काहीही नसतं तरी कप, दार आणि चादर आपापलं काम करत राहिली असती. तुमचे पती शर्ट घेताना रंग बघत असतील ना? अंग झाकायला कोणताही रंग चालतो.

मुलाचं म्हणणं निम्मं बरोबर आहे, आणि तेवढं त्याच्यापाशी मोकळेपणाने मान्य करा. नक्षी असलेला अभ्रा हवा असेल तर मशीनचा घ्यावा, त्यात काही कमीपणा नाही. पण तुम्हाला अभ्रा हवा नाहीये, तुम्हाला तो भरायचा आहे. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने त्या वेळचा बुद्धिबळाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह याला सामन्यात हरवलं. आज फोनमधला साधा प्रोग्रॅमही मोठमोठ्या खेळाडूंना भारी पडतो. म्हणून बुद्धिबळ खेळणारे उठून गेले नाहीत. एकोणीस वर्षांच्या मुलाला हे उदाहरण गुहेतल्या मूर्तीपेक्षा लवकर पटेल.

पतींच्या बाबतीत मात्र उदाहरणं देऊ नका. इथे मला एक शंका आहे आणि तुम्ही ती मनावर घ्यावी. "हा खटाटोप कशासाठी?" हा प्रश्न तुम्ही कलेबद्दलचा समजलात. तो तुमच्या वेळेबद्दलचा असू शकतो. रात्री कामं उरकल्यानंतरचा दीड तास हा कदाचित तुम्हा दोघांना मिळणारा एकमेव निवांत वेळ असेल, आणि त्यात तुमची नजर रोज सुईवर असते. त्यांना एकदा सरळ विचारा: "माझं भरतकाम तुम्हाला खटकतं, की मी तुमच्याशी बोलत नाही हे खटकतं?" दुसरं असेल तर त्यांची तक्रार न्याय्य आहे आणि तिचं उत्तर सोपं आहे. आठवड्यातल्या ठरावीक रात्री सुई-दोरा बाहेर काढायचाच नाही. उरलेल्या रात्री तो वेळ तुमचा, आणि त्याचं कारण कुणाला द्यायचं नाही. पहिलंच असेल, तर त्यांना पक्ष्याच्या मानेची गोष्ट सांगा, जशी मला लिहिलीत तशीच. कोणत्याही युक्तिवादापेक्षा ती जास्त चांगली आहे.

विकण्याचा सल्ला तुम्हाला पुढेही मिळत राहील. तो वाईट नाही. कामाचे पैसे मिळाले म्हणून काम खालच्या दर्जाचं होत नाही, आणि ज्यांना पैशांची गरज आहे त्यांनी अजिबात संकोच करू नये. फक्त काय बदलतं ते आधी जाणून घ्या. मागणी येते, तारीख येते, आणि जे खपतं तेच पुन्हा करावं लागतं. पक्षी खपले तर तुम्ही पक्षीच कराल. तुमच्या पत्रात पैशांची निकड दिसत नाही, म्हणून माझा कल विकू नये असा आहे. देऊन टाकणं मात्र जरूर करा, घरात ढीग साचू देऊ नका. देताना आतली नक्षी दाखवायची की समोरच्याला कधीतरी आपोआप सापडू द्यायची, हे तुमचं तुम्ही ठरवा.

असंच काहीतरी करणाऱ्या इतर वाचकांना एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक छंद आपोआप पवित्र होत नाही. साहित्य विकत घेण्यातच वेळ जातो आणि हात लागत नाही, घरातल्या आजारी माणसाकडे दुर्लक्ष होतं, किंवा एखादं अवघड बोलणं टाळण्यासाठी आपण रोज त्यात तोंड लपवतो, असं होत असेल तर आधी ते बघावं. ताई, तुमच्या पत्रात यातलं काही मला दिसलं नाही.

आता शाळा. समितीवरचं तुमचं मत शेकडो मुलांच्या दिवसावर परिणाम करणार आहे, म्हणून या भागाला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते.

कलेच्या बाजूने बोलणारे समितीत एक चूक हमखास करतात. ते म्हणतात, संगीताने गणित सुधारतं, चित्रकलेने एकाग्रता वाढते. तुम्ही या वाटेने जाऊ नका. १९९३ साली 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत एक छोटा प्रयोग छापून आला. कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट या युरोपीय संगीतकाराची एक रचना ऐकवली, तर एका ठरावीक प्रकारच्या चाचणीत त्यांची कामगिरी थोडी वाढली, आणि तो परिणामही दहा-पंधरा मिनिटांच्या पुढे टिकला नाही. बालकांवर तो प्रयोग झालाच नव्हता. तरी बघता बघता त्याचं 'मोझार्ट ऐका, बाळ हुशार होईल' असं झालं. १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडला. पुढच्या तपासण्यांमध्ये तो मूळ परिणामही फारसा टिकला नाही. कलेचा बचाव गणिताच्या गुणांवर उभा केला, की गुण वाढले नाहीत त्या दिवशी कला हरते. आणि गुण वाढवायला शिकवणीचा तास जास्त कामाचा, हे समितीतलं कुणीही सांगेल.

आरोग्याच्या फायद्यांचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली कला आणि आरोग्य यांवरच्या ३,००० हून जास्त अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. तो महत्त्वाचा आहे, त्याचा उल्लेख जरूर करा. पण सगळं वजन त्यावर टाकू नका.

मग बोलायचं काय? मी असते तर दोन गोष्टी बोलले असते. पहिली, मुलाच्या दिवसात एक तरी तास असा हवा, ज्याचं उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं नसतं आणि शिक्षकांनाही आधी माहीत नसतं. दुसरी, हा प्रश्न मेहेरबानीचा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ३१ वं कलम मुलाचा विश्रांतीचा, खेळाचा आणि सांस्कृतिक जीवनात व कलांमध्ये भाग घेण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मान्य करतं.

समितीत कुणीतरी "मुलांच्या भविष्यासाठी" म्हणेल. दुसऱ्या महायुद्धात, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या तेरेझिनच्या ज्यू वस्तीत, नाझींच्या कैदेत, फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकार बाईंनी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतले. सोबत आणता येणारं सामान मोजकं होतं, त्यातही त्यांनी चित्रांचं साहित्य आणलं होतं. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना आउशवित्झच्या मृत्युछावणीत नेऊन मारलं गेलं. त्यांच्या बहुतेक विद्यार्थ्यांचंही तेच झालं. जाण्याआधी दोन सुटकेसमध्ये ठेवलेली मुलांची सुमारे ४,५०० चित्रं युद्धानंतर मिळाली. ती आज प्रागच्या ज्यू संग्रहालयाच्या ताब्यात आहेत. त्या वर्गात भविष्याची कसलीच खात्री नव्हती. मुलं त्या तासाला चित्र काढत होती आणि तो तास त्यांचा होता. मूल आज जगत असतं, आणि त्याचा आजचा दिवस हाही शाळेच्या जबाबदारीचाच भाग आहे.

गणितात मुलं मागे पडत असतील तर ती अडचण खरी आहे, तिला उडवून लावू नका. बैठकीआधी वेळापत्रक मागवा. गणिताचे किती तास बुडतात, किती तास निव्वळ उजळणीत आणि चाचण्यांत जातात, जास्तीची मदत सगळ्या मुलांना हवी आहे की काही जणांना, हे विचारा. काही जणांनाच हवी असेल तर सगळ्यांचं संगीत काढून घेण्याचं कारण उरत नाही. तडजोड करावीच लागली तर तासांची संख्या थोडी कमी होऊ द्या, पण तास पुरता बंद होऊ देऊ नका. एकदा गेलेला तास आणि त्यासोबत गेलेले शिक्षक परत आणणं फार कठीण असतं. उरलेल्या तासांना गुण देऊ नयेत, हाही आग्रह धरा.

पहिल्या चर्चेत वर केलेला हात तुम्हाला बांधून ठेवत नाही. बैठकीत सुरुवातीलाच सांगा की तुमचं मत बदललं आहे आणि का बदललं आहे. सभासद मत बदलतात ते बहुधा दुसऱ्या कुणाला तसं करताना बघूनच. आणि बैठकीच्या बरेच दिवस आधी एक लेखी विनंती द्या: चित्रकला आणि संगीताच्या शिक्षकांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकल्याशिवाय हा विषय मतदानाला टाकू नये.